टेक्नेशियम: भंगारातून सापडलेलं मूलद्रव्य

हाडांचा स्कॅन करायचा म्हटलं की न्यूक्लियर मेडिसिन विभागात आधी हाताच्या शिरेत एक इंजेक्शन देतात. मग भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि दोन-तीन तासांनी परत बोलावतात. ती सिरिंज शिशाच्या आवरणातून आणलेली असते, म्हणून सोबतचे नातेवाईक जरा बिचकतात. आत असतं टेक्नेशियम. जगभरात दरवर्षी तीन ते चार कोटी तपासण्यांसाठी ते वापरलं जातं. न्यूक्लियर मेडिसिनमधल्या दर दहा तपासण्यांपैकी आठेक त्याच्याच जिवावर चालतात. तरी त्याचं नाव मात्र रुग्णाच्या कानावर क्वचितच पडतं.

आवर्तसारणीत हे मूलद्रव्य ४३व्या घरात बसतं, मॉलिब्डेनम आणि रुथेनियम यांच्या मधोमध, मँगनीजच्या बरोबर खाली. माणसाने कृत्रिमरीत्या तयार केलेलं हे पहिलं मूलद्रव्य. साठ-सत्तर वर्षं लोकांनी ते खनिजांमध्ये शोधलं आणि तिथे कुणालाच ते मिळालं नाही. मिळालं ते एका यंत्राच्या झिजलेल्या पट्टीत. पुढे त्याचा सगळ्यात उपयोगी अवतार वैद्यकात आला तोही दुसऱ्याच एका औषधातली भेसळ म्हणून. आज जगात टेक्नेशियमचा सगळ्यात मोठा साठा कुठे आहे? अणुभट्ट्यांच्या कचऱ्यात.

रिकामं घर आणि खोटे दावेदार

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडल्या. तिथे बसणारी मूलद्रव्यं कशी असतील याचे अंदाजही बांधले आणि त्यांना तात्पुरती नावं दिली: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. हा ‘एका’ संस्कृतमधल्या ‘एक’ या शब्दावरून त्याने घेतला होता. पहिली तीन भाकितं फार लवकर खरी ठरली: १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम, १८८६ मध्ये जर्मेनियम. ४३व्या घरासाठीचं एका-मँगनीज मात्र येईना.

दावे पुष्कळ झाले. १८७७ मध्ये रशियात कुणाला ‘डेव्हियम’ सापडलं, १८९६ मध्ये ‘ल्युसियम’ आलं. दोन्ही तपासणीत टिकली नाहीत. १९०८ मध्ये जपानच्या मासाताका ओगावाने श्रीलंकेतल्या एका खनिजातून ‘निपोनियम’ काढल्याचं जाहीर केलं. आज असं मानतात की त्याच्या हाती खरोखरच एक नवं मूलद्रव्य लागलं होतं, पण ते ४३वं नव्हतं, त्याच स्तंभातलं ७५वं होतं. त्याने घर चुकीचं सांगितलं आणि श्रेय हातचं गेलं.

घर नेमकं कसं ओळखायचं, हे १९१३ मध्ये हेन्री मोझलेने दाखवून दिलं. प्रत्येक मूलद्रव्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची एक ठरलेली वारंवारता असते आणि ती अणुक्रमांकाबरोबर, म्हणजे घराच्या क्रमांकाबरोबर, शिस्तीत वाढत जाते. त्यामुळे कुठलं घर खरंच रिकामं आहे, हे आता तर्कावर नाही, मोजमापावर ठरू लागलं. ४३ रिकामं होतं. मोझले स्वतः १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७.

मग १९२५ मध्ये बर्लिनहून बातमी आली. वॉल्टर नोडॅक, इडा टाके आणि ऑटो बर्ग या तिघांनी क्ष-किरण तंत्रानेच ४३ आणि ७५ अशी दोन्ही मूलद्रव्यं सापडल्याचं सांगितलं. ७५व्याला त्यांनी ऱ्हाइन नदीवरून ऱ्हेनियम म्हटलं आणि ४३व्याला पूर्व प्रशियातल्या मासुरिया प्रदेशावरून मासुरियम. ऱ्हेनियम खरं निघालं. पुढे त्यांनी ते वजन करता येईल इतकं वेगळंही केलं. मासुरियम मात्र त्यांना स्वतःलाही पुन्हा दाखवता आलं नाही.

इडा टाके, लग्नानंतरची इडा नोडॅक, ही बाई खरं तर फार तल्लख. १९३४ मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने युरेनियमवर न्यूट्रॉन मारून युरेनियमपेक्षा जड मूलद्रव्यं बनवल्याचं सांगितलं, तेव्हा तिने लिहिलं होतं की युरेनियमचं केंद्रक फुटून त्याचे मोठे तुकडे झाले असण्याचीही शक्यता तपासायला हवी. म्हणजे विखंडनाची कल्पना, प्रत्यक्ष शोधाच्या चार वर्षं आधी. कुणी लक्ष दिलं नाही. मासुरियमच्या दाव्याने तिची पत घसरली होती हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. बाई असणं हे दुसरं असावं, असं मला वाटतं. फर्मीच्या त्या गटात एमिलिओ सेग्रे नावाचा तरुण होता. मासुरियमच्या जागी खरं ४३वं मूलद्रव्य तोच बसवणार होता.

पाकिटातून आलेली पट्टी

१९३६ मध्ये सेग्रेला सिसिलीतल्या पालेर्मो विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं. पद मोठं, पण प्रयोगशाळा यथातथाच. किरणोत्सारी पदार्थांवर काम करायचं तर ते आणायचे कुठून? त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेत बर्कलीला गेला. तिथे अर्नेस्ट लॉरेन्सचा सायक्लोट्रॉन होता. विद्युतभारित कणांना चुंबकाच्या मदतीने गोल गोल फिरवत वेग द्यायचा आणि मग लक्ष्यावर आदळवायचे, असं ते यंत्र. सेग्रेच्या लक्षात आलं की यंत्राचे जे भाग काढून टाकलेले पडले आहेत त्यांच्यावर महिनोन्महिने कण आदळत राहिलेत, तेव्हा ते स्वतःच किरणोत्सारी झालेले असणार. बर्कलीच्या दृष्टीने ते भंगार होतं. सेग्रेने काही तुकडे मागून घेतले आणि पालेर्मोला नेले. पुढेही असंच काही पाठवत जा, अशी विनंती त्याने लॉरेन्सला केली.

१९३७च्या सुरुवातीला पालेर्मोला टपालाने एक पाकीट आलं. त्यात मॉलिब्डेनमची एक पट्टी होती. सायक्लोट्रॉनमधल्या कणांच्या झोताला बाहेरच्या दिशेने वळवणारा जो भाग असतो, त्याची. या झोतात ड्यूटेरॉन होते, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी. मॉलिब्डेनमच्या केंद्रकात प्रोटॉन ४२. त्यात ड्यूटेरॉनचा प्रोटॉन शिरला की ४३. हिशेब इतका सरळ होता.

ते सिद्ध करणं मात्र सरळ नव्हतं. पट्टीतून निघणारा किरणोत्सर्ग नेमका कुठल्या मूलद्रव्याचा आहे, हे रसायनशास्त्राने दाखवायचं होतं आणि त्या मूलद्रव्याचं वजन एका ग्रॅमच्या काही अब्जांशांहूनही कमी होतं. डोळ्यांना दिसणं दूरच, कुठल्याही तराजूवर ते येणं शक्य नव्हतं. सेग्रेच्या मदतीला विद्यापीठातला खनिजशास्त्राचा प्राध्यापक कार्लो पेरिए आला. पट्टी विरघळवून दोघांनी एकेक संशयित बाजूला काढला. द्रावणात थोडं नायोबियम घालायचं, ते परत वेगळं करायचं आणि किरणोत्सर्ग त्याच्याबरोबर गेला का ते पाहायचं. झिर्कोनियमशी तेच, मॉलिब्डेनमशी तेच. किरणोत्सर्ग कुणाबरोबरच गेला नाही. ऱ्हेनियम घातलं तेव्हा मात्र तो बऱ्याच अंशी त्याच्यामागे गेला. बऱ्याच अंशी, पूर्ण नाही. योग्य प्रक्रिया वापरली की ऱ्हेनियमपासूनही तो वेगळा काढता येत होता. म्हणजे गुणधर्म ऱ्हेनियमच्या जवळचे, पण स्वतः ऱ्हेनियम नव्हे. ४३व्या मूलद्रव्याकडून हीच अपेक्षा होती.

पालेर्मो विद्यापीठातल्या लोकांना शहराच्या लॅटिन नावावरून ‘पॅनॉर्मियम’ हे नाव हवं होतं. दोघांनी घाई केली नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या गोष्टीला खरं मूलद्रव्य म्हणायचं का, असाही तेव्हा वाद होता. दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, फ्रिड्रिश पानेट या रसायनशास्त्रज्ञाने ठामपणे मांडलं की कृत्रिम मूलद्रव्यांनाही नैसर्गिक मूलद्रव्यांइतकाच मान हवा आणि त्यांना नाव देण्याचा हक्क शोधकर्त्यांचाच. मग ग्रीक भाषेतल्या ‘कृत्रिम’ या अर्थाच्या शब्दावरून टेक्नेशियम हे नाव ठरलं.

मधल्या दहा वर्षांत सेग्रेचं आयुष्य पार बदललं होतं. १९३८च्या उन्हाळ्यात तो पुन्हा बर्कलीला गेला, कारण ४३व्या मूलद्रव्याचे अल्पायुषी प्रकार टपालाने सिसिलीला पोचेपर्यंत संपून जात. ते अभ्यासायचे तर यंत्राच्या शेजारीच बसायला हवं. तो तिथे असतानाच मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्धचे कायदे केले. सेग्रे ज्यू होता. पालेर्मोतली नोकरी गेली, परतीची वाट बंद झाली. लॉरेन्सने त्याला ठेवून घेतलं, पण आता हा कुठे जाऊ शकत नाही हे कळल्यावर महिन्याचे ३०० डॉलर ११६ वर आणले. थोर शास्त्रज्ञसुद्धा मालक म्हणून असे असू शकतात.

त्याच मुक्कामात ग्लेन सीबोर्गबरोबर काम करताना त्याला सहा तासांच्या अर्धायुष्याचा, म्हणजे दर सहा तासांनी निम्मा होत जाणारा, एक प्रकार मिळाला: टेक्नेशियम-९९एम. आज इस्पितळांत वापरतात तो हाच. तेव्हा दोघांनाही त्यात भौतिकशास्त्राची एक गंमत दिसत होती, औषध नाही.

शेजाऱ्यांनी रुमाल टाकून ठेवलेत

ऐंशी मूलद्रव्यं पृथ्वीवर स्थिर रूपात मिळतात. शिसं ८२व्या घरात, तेही स्थिर. मग इतक्या अलीकडे, ४३व्या घरातच काय बिघडलं?

अणूचं केंद्रक प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचं बनलेलं असतं. प्रोटॉनची संख्या म्हणजे घर क्रमांक. दोन्हींची बेरीज म्हणजे वस्तुमानांक. प्रोटॉन तेच ठेवून न्यूट्रॉन कमी-जास्त झाले की त्याच मूलद्रव्याचे वेगवेगळे समस्थानिक मिळतात. आता समजा दोन शेजारी मूलद्रव्यांच्या अणूंचा वस्तुमानांक सारखाच आहे. एकात एक प्रोटॉन जास्त, दुसऱ्यात एक न्यूट्रॉन जास्त. निसर्गात न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊ शकतो आणि प्रोटॉनचा न्यूट्रॉन. त्यामुळे त्या दोघांपैकी ज्याची ऊर्जा जास्त, तो आज ना उद्या कमी ऊर्जेच्या शेजाऱ्यात बदलून जातो. एका वस्तुमानांकावर लगतची दोन मूलद्रव्यं दोन्ही स्थिर राहू शकत नाहीत. हा नियम योसेफ माटाउखने १९३४ मध्ये मांडला.

टेक्नेशियमच्या आसपासचे वस्तुमानांक म्हणजे एसटीतली बाकं धरा. मॉलिब्डेनमने ९२, ९४, ९५, ९६, ९७, ९८ आणि १०० वर रुमाल टाकलाय. रुथेनियमने ९६, ९८, ९९, १००, १०१, १०२ आणि १०४ वर. उरलेल्या ९३ वर नायोबियम बसलंय आणि १०३ वर ऱ्होडियम. टेक्नेशियम गाडीत चढतं तेव्हा उभं राहायलाही जागा नसते.

शेजाऱ्यांना इतकी बाकं का मिळतात, याचंही कारण आहे. केंद्रकात प्रोटॉन जोडीने राहिले की जास्त घट्ट बांधले जातात. मॉलिब्डेनमचे ४२ आणि रुथेनियमचे ४४, दोन्ही सम. सम संख्येच्या मूलद्रव्यांना बऱ्याचदा पाच-सात स्थिर समस्थानिक असतात. कथिलाला तर दहा आहेत. विषम संख्येच्या मूलद्रव्यांना जास्तीत जास्त दोन. टेक्नेशियमच्या नशिबी दोन्ही बाजूंनी असे ऐसपैस शेजारी आले आणि वाट्याचं एक-दोन जागांचं भांडवलही गेलं. शिशापर्यंतच्या सगळ्या सारणीत असं आणखी एकाच मूलद्रव्याचं झालंय, ६१व्या घरातल्या प्रोमेथियमचं.

म्हणजे टेक्नेशियमचे सगळेच समस्थानिक किरणोत्सारी. त्यातल्या सगळ्यात दीर्घायुषी प्रकारांचं अर्धायुष्य सुमारे ४२ लाख वर्षं. दर ४२ लाख वर्षांनी साठा निम्मा. ऐकायला हा काळ मोठा वाटतो, पण पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं आहे. गणित करून पाहा: अख्खी पृथ्वी टेक्नेशियमची बनलेली असती, तरी १६५-१७० वेळा निम्मी होता होता, सुमारे ७० कोटी वर्षांत, तिच्यातला शेवटचा अणूही संपला असता. पृथ्वीने अशा हजाराहून अधिक फेऱ्या पाहिल्यात. म्हणून खनिजं उकरणाऱ्यांना ते मिळालं नाही. त्यांच्या कौशल्यात खोट नव्हती.

अगदी शून्य मात्र नाही. युरेनियमचे अणू अधूनमधून आपोआप फुटतात आणि त्या तुकड्यांत टेक्नेशियम असतं. १९६१-६२ मध्ये केना आणि कुरोडा यांनी काँगोतल्या युरेनियमच्या खनिजातून ते काढून दाखवलं: एका किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम. मासुरियमचा दावा पुन्हा उभा करण्याचे प्रयत्न मधूनमधून झाले, पण हा आकडा पाहिला की १९२५च्या उपकरणांना ते दिसलं असेल यावर विश्वास बसणं कठीण.

ताऱ्यांमधली साक्ष

१९५२ मध्ये पॉल मेरिल हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ काही लाल राक्षसी ताऱ्यांचे वर्णपट तपासत होता. त्यात त्याला टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. एव्हाना अणुभट्ट्यांमुळे टेक्नेशियम पुरेसं उपलब्ध होतं, त्यामुळे त्या रेषा कुठे पडतात हे पृथ्वीवर मोजून झालेलं होतं. मूलद्रव्य आधी बनवलं नसतं, तर ताऱ्यातल्या त्या रेषा कशाच्या हे कळलंच नसतं.

या निरीक्षणाचं वजन फार मोठं आहे. तारे कोट्यवधी वर्षांचे आणि टेक्नेशियमचं अर्धायुष्य तर फार तर ४२ लाख वर्षं. म्हणजे ताऱ्याच्या जन्माच्या वेळचं ते असूच शकत नाही. ते त्या ताऱ्याच्या पोटातच तयार झालं असणार आणि खगोलीय मापाने अगदी अलीकडे. जड मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये शिजतात, ही तोवर मुख्यतः कागदावरची कल्पना होती. तिला मिळालेला हा जवळजवळ प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. पाच वर्षांनी बर्बिज दांपत्य, फाउलर आणि फ्रेड हॉएल यांनी हे सगळं एका मोठ्या निबंधात मांडलं. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू ते हेच हॉएल.

दिसतं कसं, वागतं कसं

धातू म्हणून टेक्नेशियम रुपेरी-करडं असतं. शिशाइतकं जड आणि वितळायला २१५७ अंश सेल्सिअस लागतील इतकं चिवट. फार थंड केलं, निरपेक्ष शून्याच्या वर सात-आठ अंशांवर आणलं, की ते अतिवाहक होतं, म्हणजे विजेला काहीच अडथळा करत नाही. रासायनिक वागणूक मँगनीजपेक्षा ऱ्हेनियमच्या जवळची. त्याचं एक संयुग, परटेक्नेटेट, पाण्यात दहा लाखांत पन्नासेक भाग मिसळलं तरी लोखंड गंजत नाही. गंजरोधक म्हणून ते अव्वल आहे, पण किरणोत्सारी गंजरोधक कुणी वापरणार नाही. त्यामुळे तो गुण पुस्तकातच राहिला.

आयोडीनमधली भेसळ

आता पुन्हा त्या ९९एमकडे येऊ. हा ‘एम’ म्हणजे केंद्रक जास्तीची ऊर्जा घेऊन अडकलेलं आहे, याची खूण. सहसा केंद्रकाकडे अशी ऊर्जा आली की ते ती गॅमा किरणाच्या रूपात निमिषार्धात टाकून देतं. इथे मात्र वरच्या आणि खालच्या अवस्थेतल्या फिरकीत इतका फरक आहे की ती उडी सहजासहजी घेता येत नाही. म्हणून अर्धायुष्य सहा तासांपर्यंत लांबतं.

वैद्यकासाठी ही गोष्ट सोन्यासारखी. सहा तास म्हणजे औषध तयार करून, टोचून, ते योग्य अवयवात पोचू देऊन छायाचित्र घ्यायला पुरेसा वेळ. २४ तासांनी सोळावा हिस्साच उरतो. बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणाची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. शरीराबाहेर येण्याइतकी जोरकस आणि कॅमेऱ्याच्या स्फटिकाला पकडता येईल इतकी सौम्य. शिवाय पेशींना इजा करणारे बीटा कण या टप्प्यात जवळपास नसतातच.

पण सहा तासांत निम्मी होणारी वस्तू इस्पितळांत पोचवायची कशी? उत्तर मिळालं न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, १९५०च्या दशकाच्या शेवटी. तिथले लोक काम करत होते आयोडीन-१३२ वर. टेल्युरियमच्या एका समस्थानिकापासून ते सतत मिळत राहावं, असं उपकरण त्यांनी बनवलं होतं. आयोडीनमध्ये त्यांना एक भेसळ आढळली. माग काढला तेव्हा कळलं की ते टेक्नेशियम-९९एम आहे आणि ते मॉलिब्डेनम-९९ पासून येतंय. टेल्युरियमच्या मागोमाग थोडं मॉलिब्डेनम त्यांच्या उपकरणात शिरलं होतं. वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांच्या लक्षात आलं की आयोडीनसाठी वापरलेली युक्ती इथेही चालेल. १९५८ मध्ये पहिला टेक्नेशियम जनरेटर तयार झाला.

त्यात ॲल्युमिनाने भरलेली एक छोटी नळी असते, भोवती शिशाचं जाड कवच. मॉलिब्डेनम-९९ मॉलिब्डेट या रूपात ॲल्युमिनाला घट्ट चिकटून बसतं. त्याचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणून ते दूरवर पाठवता येतं. त्याचं हळूहळू टेक्नेशियम होत राहतं आणि ते ॲल्युमिनाला तितकं घट्ट धरत नाही. वरून सलाइन ओतलं की टेक्नेशियम खाली उतरतं, मॉलिब्डेनम जागेवर राहतं. पुन्हा चोवीसेक तासांत नळी भरते. या कामाला त्या लोकांनी ‘दूध काढणं’ म्हणायला सुरुवात केली आणि जनरेटरला ‘मॉली काऊ’. ही गाय साधारण आठवडाभर दुभते.

पुढची गोष्ट मला फार गमतीची वाटते. ब्रुकहेवनने पेटंट घ्यायचं ठरवलं तेव्हा अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने नको म्हणून कळवलं, कारण या वस्तूला मोठी बाजारपेठ मिळेल असं त्यांना दिसत नव्हतं. ब्रुकहेवनच्याच पॉवेल रिचर्ड्सने मात्र ठिकठिकाणी जाऊन डॉक्टरांना ही वस्तू समजावली. १९६१ मध्ये शिकागोत जनरेटर गेला आणि पॉल हार्परच्या गटाने त्याचे वैद्यकीय उपयोग दाखवून दिले. नशिबाने बर्कलीत हॅल अँगरने गॅमा कॅमेराही त्याच सुमाराला तयार केला होता. औषध आणि कॅमेरा एकमेकांसाठीच बनवल्यासारखे जुळले.

टेक्नेशियम स्वतः हाडात किंवा हृदयात जात नाही. त्याला घेऊन जाणारं वाहन लागतं. त्यासाठी ‘किट’ नावाच्या छोट्या बाटल्या येतात. त्यात वाहक रसायन आणि थोडं कथिलाचं संयुग असतं. कथिल टेक्नेशियमला रासायनिक बंध जोडण्याजोग्या स्थितीत आणतं. जनरेटरमधलं द्रावण बाटलीत टाकायचं, हलवायचं, झालं. एमडीपी हे वाहन हाडात, जिथे हाड नव्याने घडतंय तिथे जास्त साचतं, म्हणून कर्करोग हाडात पसरला असेल तर ती जागा उजळून दिसते. हृदयासाठी सेस्टामिबी, मूत्रपिंडासाठी डीटीपीए आणि डीएमएसए. थायरॉइडसाठी तर वाहनही लागत नाही, ती ग्रंथी परटेक्नेटेटला आयोडाइड समजून आत ओढून घेते.

आपल्याकडे या कामाचं माहेरघर मुंबई. परळला १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांमध्ये साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉन मारून मॉलिब्डेनम-९९ तयार करत आणि वाशीची ब्रिट ही संस्था ते इस्पितळांना पुरवत असे. या पद्धतीत एक अडचण असते. किरणोत्सारी मॉलिब्डेनम साध्या मॉलिब्डेनममध्ये मिसळलेलं राहतं, त्यामुळे ॲल्युमिनाची छोटी नळी पुरत नाही. म्हणून भारतात अनेक वर्षं वेगळी वाट वापरली गेली: एमईके नावाच्या द्रावकाने टेक्नेशियम ओढून काढायचं आणि मग द्रावक उडवून टाकायचा. पद्धत खटाटोपाची, पण महाग आयातीवाचून चालणारी.

पाश्चात्त्य देशांनी युरेनियमच्या विखंडनातून मॉलिब्डेनम काढायची पद्धत धरली. त्यातून माल उत्तम मिळतो, पण जगाचा पुरवठा मोजक्या म्हाताऱ्या अणुभट्ट्यांवर अवलंबून राहिला. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे बंद पडली ती थेट ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. मधल्या काळात नेदरलँड्समधली पेटनची भट्टीही दुरुस्तीला गेली. साठा करून ठेवता येत नाही अशी ही वस्तू, त्यामुळे अनेक देशांत तपासण्या लांबणीवर पडल्या.

उरतं त्याचं काय

इंजेक्शन घेतलेल्याला पडणारा प्रश्न: ९९एम संपलं की त्याचं होतं काय? त्याचं साधं टेक्नेशियम-९९ होतं आणि त्याचं अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षं. आकडा ऐकून धडकी भरते. पण हिशेब करा. हाडांच्या स्कॅनसाठी देतात ते ७४० मेगाबेकरेल धरलं, तर सेकंदाला ७४ कोटी अणू विघटन पावतात. वजनात ते सगळं मिळून चार नॅनोग्रॅमही भरत नाही. त्या सगळ्याचं टेक्नेशियम-९९ झालं आणि शरीरात तसंच राहिलं असं मानलं, तरी विघटनं होतात सेकंदाला दोन-अडीच. आपल्या शरीरात अन्नातून आलेल्या पोटॅशियममुळे सेकंदाला चारेक हजार विघटनं जन्मभर चालूच असतात. अर्धायुष्य लांब म्हणजे धोका जास्त, हा समज इथे उलटा पडतो. तपासणीतला किरणोत्सर्गाचा जो काही डोस मिळतो, साधारण ४ मिलिसिव्हर्ट, तो पहिल्या दिवसातच मिळून जातो.

अणुभट्टीच्या कचऱ्यात मात्र गोष्ट नॅनोग्रॅमची नसते. युरेनियमच्या दर शंभर विखंडनांमागे सहा वेळा शेवटी टेक्नेशियम-९९ तयार होतं. एक मोठी वीजनिर्मिती अणुभट्टी वर्षाला वीस-पंचवीस किलो बनवते. शिवाय परटेक्नेटेट पाण्यात सहज विरघळतं आणि मातीला चिकटून राहत नाही, त्यामुळे भूजलाबरोबर दूर जाऊ शकतं. इंग्लंडमधल्या सेलाफील्डच्या पुनर्प्रक्रिया केंद्रातून १९९४ पासून काही वर्षं आयरिश समुद्रात टेक्नेशियम बरंच सोडलं गेलं. तिथल्या लॉबस्टरमध्ये ते साठू लागलं, प्रवाहांबरोबर नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत गेलं आणि नॉर्वेने जोरदार तक्रार केली. २००४ पासून ते एका रसायनाने साक्याच्या रूपात खाली बसवायला लागले, तेव्हा समुद्रात जाणारं प्रमाण घटलं. कचरा काचेत गोठवून ठेवण्याचा मार्ग आहे, पण काच वितळवण्याच्या तापमानाला टेक्नेशियमचा काही भाग वाफ होऊन उडून जातो, ही तिथली डोकेदुखी.

एक वाट सैद्धांतिकदृष्ट्या फार देखणी आहे. टेक्नेशियम-९९ ला आणखी एक न्यूट्रॉन दिला की टेक्नेशियम-१०० होतं. ते १५-१६ सेकंदांत निम्मं होत जातं आणि त्याचं रुथेनियम-१०० बनतं, पूर्ण स्थिर. असे प्रयोग पेटनच्या भट्टीत झालेही, त्याच भट्टीत जिथे इस्पितळांसाठीचं मॉलिब्डेनम बनतं. टेक्नेशियमचं रुथेनियम झालं, पण फार सावकाश. टनावारी साठा असा संपवायचा तर वेळ आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर जातात, म्हणून अजून तरी कुठल्याही देशाने ते मोठ्या प्रमाणावर केलेलं नाही.